भाऊचा सरू आणि माझी कात्री

फोन आला तेव्हा मी मळ्यात संत्र्याच्या ढिगापुढे बसले होते. मार्च सरत आला होता, तोडणी आटोपत आली होती, आणि मोठी फळं एकीकडे, बारीक एकीकडे असं माझं चाललेलं. नागपूरहून भाऊच्या शेजारचे ठवकर बोलत होते. "आत्याबाई, काकाजी उठून नाही राहिले सकाळपासून. तुम्ही या," एवढंच म्हणाले. एकाहत्तर वर्षांच्या बाईला 'तुम्ही या' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सासू, सासरे, मग चार वर्षं अंथरुणावर असलेले आमचे हे... सगळ्यांना पोचवून झालेलं. हातातलं संत्रं मी बारीक फळांत टाकलं, ते खरं तर मोठ्यांत जायला हवं होतं, आणि काटोलच्या स्टँडवर जाऊन बसले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला. आता हेही उरकायचं, असा वाईट विचार मनात आला. तो लपवून काय करायचं?

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंता. लोक त्याला वसंतराव म्हणत, पण आम्ही मूळचे सावनेरचे, घरात दोनच लेकरं, त्यामुळे तो 'भाऊ' आणि मी 'शकू'. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्याने उभी नोकरी काढली, त्यातली बहुतेक वर्षं कूलिंग टॉवरवर. गरम पाणी वरून सोडायचं, वारा खालून घ्यायचा, पाणी थंड करून परत पाठवायचं. "आयुष्यभर पाण्याले वारा घालून राहिलो मी," असं तो म्हणायचा. रिटायर झाल्यावर झिंगाबाई टाकळीला घर बांधलं, पुढे थोडी मोकळी जागा ठेवली, तिथे वहिनीने एक लिंबू लावला. वहिनी गेली त्याच वर्षी. भाऊ काही देवमाणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक त्याला फारच गोड करून टाकतात. तो खेकसायचा. नळ टिपकत राहिला तर घर डोक्यावर घ्यायचा. माझ्या यजमानांशी एकदा फवाऱ्याच्या पंपावरून भांडला, तर दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकला नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायची त्याची सवय होती, कारखान्यात व्हॉल्व्हवर लिहितात तशी. मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलेलं. मी म्हणायची, "काहून गा, चाखल्यावर समजत नाही का?" तर म्हणायचा, "चाखायची वेळच कायले येऊ द्या?"

वहिनी गेल्यावर लेक रश्मी त्याला अमेरिकेत घेऊन गेली. ती तिकडे पश्चिमेच्या समुद्राकाठी राहते. दोन महिने राहून भाऊ आला तो एका झाडाचं वेड घेऊन आला. सायप्रस, आपल्याकडे ज्याला सरू म्हणतात त्यातलाच एक, पण फक्त समुद्राला लागून होणारा. तिथल्या दोन टेकड्यांवरच तो मुळात आपोआप उगवतो म्हणे, बाकी जगात कुठे असेल तर माणसाने लावलेला. खडकाच्या टोकावर, खाली लाटा, आणि हे झाड वाऱ्याने इतकं वाकलेलं की जमिनीवर हात टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. बारा महिने हिरवं. भाऊने पायमोज्यात लपवून त्याची पाच बोंडं आणली होती. त्यांना दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नाही, आपल्याला कापसाचं बोंड ठाऊक, तेच म्हणते. आवळ्याएवढी, तपकिरी, तुकडे जोडून केलेल्या चेंडूसारखी, आणि टणक तर अशी की अडकित्त्यालाही दाद देईनात.

हिवाळाभर ती खिडकीत पडून राहिली. भाऊने वाचून ठेवलं होतं की ही बोंडं झाडावर वर्षानुवर्षं मिटलेली राहतात, आणि चांगली धग लागली की उघडतात. मी म्हटलं, "मग चुलीत टाक." तर म्हणाला, "चूल कायले? मे महिना येऊन राहिला ना नागपूरचा." आणि खरंच, मे महिन्यात मी कुरडया घालायला त्याच्याकडे गेले होते, गच्चीवर साडी पसरून वाळवण टाकलं होतं, त्याच साडीच्या कोपऱ्यात त्याने ती बोंडं मांडली. तिसऱ्या दिवशी दुपारी टक टक आवाज येऊ लागला. पाचही बोंडांनी फटी पाडल्या आणि बारीक तपकिरी बिया माझ्या कुरडयांवर सांडल्या. मी चिडले. भाऊ उघड्या डोक्याने भर उन्हात उकिडवा बसून कुरडयांतून बिया निवडत होता आणि हसत होता. वहिनी गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. म्हणून मग मीही बसले निवडायला.

मूठभर बियांतली अकरा रोपं आली, सुईसारखी बारीक निळसर पानं घेऊन. दहा त्याच वर्षी गेली. काहींची मुळं कुजली, काही नुसती उभ्या उभ्या वाळली. उरलेलं एक दुसऱ्या वर्षी हळूच बदललं. सुयांची पानं जाऊन खवल्यांसारखी पानं आली, एकमेकांवर बसलेली, बारीक गोफ विणावा तशी फांदी. चोळली की लिंबाचा वास. "बघ, सरू लिंबाच्या संगतीनं बिघडला," भाऊ म्हणायचा. वास त्याचा स्वतःचाच होता, लिंबाचा काही संबंध नव्हता, पण हा विनोद भाऊने निदान पन्नास वेळा केला असेल. कुंडीतून काढून त्याने झाड अंगणात लावलं, घराच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर घराची सावली मिळावी. खाली रुंद, वर निमुळतं, देवळाच्या कळसासारखं ते वाढायला लागलं. दर दिवाळीला भाऊ व्हरांड्याच्या खांबावर पेन्सिलीने त्याची उंची मांडायचा, जशी कधीकाळी खापरखेड्याच्या क्वार्टरच्या भिंतीवर रश्मीची मांडायचा. रश्मीच्या रेघा तिथेच थांबल्या, झाडाच्या इथे वर जात राहिल्या.

आता हे झाड समुद्राचं. त्याला थंडी चालते, खारं चालतं, वादळ चालतं, पण त्याला धुकं लागतं आणि गार वारा लागतो. नागपुरात मे महिन्यात यातलं काय मिळणार? दुपारी कावळासुद्धा चोच उघडून बसलेला असतो. तेव्हा भाऊने जे केलं त्यावरून आख्खी गल्ली अजून हसते. त्याने घरातला जुना टिनाचा कूलर काढला, वाळ्याच्या नवीन ताट्या लावल्या, पंप दुरुस्त केला, आणि व्हरांड्यात स्टँडवर तोंड बाहेर करून ठेवला. दुपारी बारा ते पाच, झाडाला कूलर. आत स्वतः पंख्याखाली घाम पुसत बसलेला. ठवकर म्हणाले, "काकाजी, झाडाले कूलर?" भाऊ म्हणाला, "तुले लागते, मग त्याले काहून नाही लागणार?" माणसं गेटपाशी थांबून बघायची. पण झाड जगलं. अंगावर बारीक तुषार घेत, हलत, डुलत जगलं. दोनतीन उन्हाळ्यांत ते कूलरच्या वाऱ्याने पूर्वेकडे किंचित झुकलं, तेव्हा भाऊने तिकडचा फोटो आणि इकडचं झाड मला शेजारी शेजारी दाखवलं. मान ताठ करून म्हणाला, "आली ना सवय?"

आणि आता माझ्या कात्रीचं सांगते. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे, नाहीतर मला लिहिण्याचा काही सोस नाही.

सहा वर्षांपूर्वी रश्मीचं बाळंतपण होतं. भाऊ चार महिन्यांसाठी तिकडे गेला, बरोब्बर उन्हाळ्यात. त्याचा जीव झाडापाशी. माझे यजमान नुकतेच गेले होते, मळा मुलाने सांभाळायला घेतला होता, मी रिकामीच होते, म्हणून त्याने मला घरी आणून ठेवलं. कूलरची वेळ, पाण्याची वेळ, सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. विमानतळावर निघताना गेटातून परत आला आणि म्हणाला, "शकू, दुसरं काही झालं तरी चालते. एवढं झाड सांभाळ वं." आणि मग आठवल्यासारखं, "अन् लिंबाची सल काढून देजो जमलं तर. तू त्यातली माहीतगार."

सल म्हणजे झाडाच्या पोटातल्या वाळक्या काड्या. संत्र्याच्या बागेत तोडणी झाली की कात्री घेऊन सल काढतात, जिवंत लाकूड दिसेपर्यंत मागे कापतात, आणि प्रत्येक कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याची निळी पेस्ट लावतात, म्हणजे रोग शिरत नाही. पंधरावीस दिवसांत झाड नवी फूट काढतं. लग्न होऊन काटोलला गेले तेव्हापासून हे काम माझं. आमच्या मळ्यात माझ्यासारखी सल कोणी काढत नाही, हे माझे यजमान चारचौघांत म्हणायचे, आणि ते काही उगाच कौतुक करणारे नव्हते.

एके सकाळी मी लिंबाची सल काढली. कात्री हातात होती, डब्यात पेस्ट कालवलेली होती. वळून पाहिलं तर सरूच्या पोटात अंधार. बाहेरून हिरवागार, आणि फांदी बाजूला सारली की आत सगळं तपकिरी, वाळकं, कोळ्याची जाळी. मला वाटलं, अरे देवा, हे झाड आतून मरून राहिलं आणि भाऊला पत्ताच नाही! मी व्हरांड्याकडची बाजू कापायला घेतली. आपल्या पद्धतीने, मागे मागे, खोडापर्यंत. सांगताना लाज वाटते, पण कापताना मला मोठा आनंद झाला होता. कितीतरी दिवसांनी हाताला ओळखीचं काम मिळालं होतं. मनात म्हणत होते, भाऊ येईल तेव्हा ही बाजू कशी पालवीने भरलेली दिसेल...

पंधरा दिवस गेले. महिना गेला. फूट नाही. मी रोज पहाटे उठून जवळ जाऊन बघायची, बोटाने खुंट चाचपायची. फोनवर रश्मीच्या नवऱ्याला आडून आडून विचारलं, तेव्हा त्याने वाचून सांगितलं की हे झाड आतून तपकिरीच असतं, तो त्याचा स्वभाव आहे, आणि जुन्या लाकडातून त्याला पुन्हा पान फुटत नाही. कापलं की कापलं. कायमचं. त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. संत्र्याने आयुष्यभर मला माफ केलं होतं, तेव्हा सगळी झाडं माफ करतात असं मी धरून चालले होते. शहाणपण नडलं, दुसरं काय.

भाऊ आला. रिक्षातून उतरला, बॅगही खाली ठेवली नाही, तसाच झाडापुढे जाऊन उभा राहिला. खालपासून अर्ध्यापर्यंत व्हरांड्याकडची बाजू उघडी, नुसतं खोड आणि खुंट. मी दारातूनच म्हटलं, "वादळ आलं होतं गा भाऊ. पलीकडचा टिनाचा पत्रा उडून आला अन् त्याच्यावर आदळला." हे वाक्य मी आठवडाभर पाठ केलं होतं. तो खुंट बघत होता, खालपासून वरपर्यंत, एकेक. नळ टिपकला तर घर डोक्यावर घेणारा माणूस! त्याच्या ओरडण्याची वाट पाहत मी पदर घट्ट धरून उभी होते. तो वळला आणि म्हणाला, "बरं झालं, तुले नाही लागलं."

मी खरं तेव्हा सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग जेवताना, मग दिवाळीला. सहा दिवाळ्या झाल्या. दर वेळी बसमधून येताना मी ठरवायची आणि दर वेळी तो आधी चहा टाकायचा. त्या बाजूकडे मी कधी बघितलं नाही. व्हरांड्यात बसायची तर झाडाकडे पाठ करून, आणि तो समोरच्या खुर्चीत, तोंड थेट त्या उघड्या बाजूकडे. लोकांना तो काय सांगायचा माहीत आहे? म्हणायचा, "समुद्राकडची बाजू अशीच राहते. तिकडेसुद्धा तशीच आहे, वाऱ्यानं सोललेली." कोणी विचारलं, काकाजी, इथं समुद्र कुठं आला, तर हात पश्चिमेला करायचा. "आहे ना. काटोलच्या मागं." सगळे हसायचे, मीही हसायची. आणि कपबशा गोळा करून आत न्यायची.

मध्ये एकदा त्याचा फोन आला होता. "शकू, ते मोरचूद किती अन् चुना किती वं?" मी सांगितलं, एक किलोला एक किलो, दहा लिटर पाणी, तुला एवढं नको, थोडंच कालव. "लिंबाले लावतो का?" मी विचारलं. "हो... लिंबाले," तो म्हणाला. मला बरं वाटलं, की भाऊ माझ्या पद्धतीने लिंबू सांभाळतो आहे. तेवढ्यावरच ते विसरले.

शेवटची भेट संक्रांतीची. मी तिळगूळ घेऊन गेले होते. तो वाळला होता, दम लागत होता, तरी झाडाबद्दलच बोलत होता. म्हणाला, "म्हातारपणी हा वरून चपटा होते, छत्रीसारखा. मी काही ते बघत नाही. तू बघजो." मी म्हटलं, "मी का तुझ्याहून लहान राहिली आता?" तो म्हणाला, "लहानच आहेस." त्यानंतर दोन महिन्यांनी ठवकरांचा फोन.

तेरवीपर्यंत माणसं होती, घर भरलेलं होतं. रश्मी चौदा दिवस राहिली आणि रडत परत गेली. घराचं पुढे काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. किल्ली माझ्याकडे दिली, म्हणाली, "आत्या, झाडाचं बघशील?" नाही कसं म्हणणार? तेव्हापासून दर गुरुवारी काटोलहून बस, नागपुरात उतरून रिक्षा, कूलरची टाकी भरणं, झाडाला पलीकडच्या बाजूने पाणी. बाकीचे दिवस ठवकर बटण दाबतात. गुडघे बोलतात माझे. मरणाचं दुःख असतं, पण त्याहून त्याची कामं थकवतात, हे कोणी आधी सांगत नाही.

मागच्या गुरुवारी पंप अडकला. तो काढायला मी व्हरांड्यात कूलरच्या स्टँडखाली वाकले, तर तिथे अगदी मागे एक पत्र्याचा डबा. कडा निळ्या. आत वाळलेला ब्रश. डब्यावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर भाऊचं व्हॉल्व्हवर लिहिल्यासारखं ठसठशीत अक्षर: 'शकूचं औषध. पावसाळ्याआधी एक हात, दिवाळीनंतर एक हात.'

फोनवर तर तो लिंबाले म्हणाला होता. मी उठून लिंबापाशी गेले. लिंबाच्या खोडाला निळा ठिपकासुद्धा नव्हता. मग सहा वर्षांत पहिल्यांदा सरूच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझ्या कात्रीचे खुंट होते, एकूण एक, तिरके, साफ, माझ्याच हाताचे. आणि प्रत्येकावर निळा थर, थरावर थर, वर्षानुवर्षं चुना दिलेल्या भिंतीसारखा जाड.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कापल्या जागी पेस्ट लावायची ही माझ्या हाताची सवय, तिच्यात विचार नसतोच. त्या सकाळी लिंबाला लावली तशी सरूलाही लावली होती, नंतर रोज खुंट चाचपतानाही तो निळा रंग सवयीचा म्हणून डोळ्यांत भरला नाही, आणि वादळाचं खोटं रचताना तर तो साफ विसरून गेले होते. म्हणजे भाऊ बॅग हातात घेऊन उभा होता तेव्हा त्याच्यासमोर लिंबू निळा आणि सरूचे खुंटही निळे. पत्रा म्हणे उडून आला! उडून आलेला पत्रा कापल्या जागी मोरचूद लावून जातो का? त्याला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. कळून तो ते वाक्य बोलला. आणि मग सहा वर्षं, माझी चूक माझ्याच औषधाने जपत, मला एका शब्दाने न दाखवता, तिच्याकडे तोंड करून बसला. अरे भाऊ, एकदा खेकसला असतास तर मी त्या दिवशीच मोकळी झाले असते. एवढ्यातेवढ्यावरून ओरडायचास आणि इथेच काय तुला शहाणपण सुचलं? मी तिथे झाडापाशी उभी राहून रडले. फोन आल्यापासून पहिल्यांदा रडले. ठवकरांची सून धावत आली, तिला वाटलं मला शॉक लागला.

काल परत गुरुवार होता. काटोलहून मी मोरचूद आणि चुना पुड्यात बांधून नेला. पावसाळ्याला अजून अवकाश आहे, पण तोवर माझ्या गुडघ्यांचा काय भरवसा! त्याच डब्यात कालवलं, ब्रश भिजवून मऊ केला, आणि एकेका खुंटाला एकेक हात दिला. वरच्या दोनांपर्यंत पोचेना, तर त्याचं स्टूल आणलं. स्टुलावर चिकटपट्टी होती, 'स्टूल'. मग कूलर लावला आणि त्याच्या खुर्चीत बसले, झाडाकडे तोंड करून. "पत्रा नव्हता गा भाऊ," मी म्हटलं. "मीच कापलं."

कूलरच्या वाऱ्यात सरू हलत राहिला. डब्यावरच्या पट्टीचं एक टोक पाण्याने सुटलं होतं, ते अंगठ्याने दाबून बसवलं आणि डबा होता तिथे, स्टँडखाली मागे ठेवून दिला. दिवाळीनंतर लागेल.